चिनी आजीबाईचा बटवा

मसाल्याच्या डब्यातली दालचिनी आपण रोज हाताळतो. पण या जिनसेच्या नावातच तिचे गाव लिहिलेले आहे, हे किती गृहिणींच्या लक्षात आले असेल? मूळ शब्द फारसी, 'दारचीनी'. दार म्हणजे लाकूड. तेव्हा दारचीनी म्हणजे चिनी लाकूड. आजीच्या बटव्यातली चोपचिनी घ्या. तिथेही 'चोब' म्हणजे लाकूडच. कोठा साफ करणारी रेवाचिनी ही तिसरी बहीण. चौथी कबाबचिनी, पण तिच्या बाबतीत मात्र नाव चीनचे आणि गाव जावा बेटाचे, असा प्रकार आहे. नावावर किती विसंबावे हा प्रश्न इथेच उभा राहतो. पुढे एके ठिकाणी तो शंभरेक जणींना फार महागात पडला; ती हकीकत ओघाने येईलच.

भाषेच्या माणसाला शब्दाच्या पाठोपाठ त्याच्या गावापर्यंत जायची खोड असते. या चार शब्दांचा माग काढता काढता प्रस्तुत लेखक चिनी औषधालयाच्या दारात जाऊन पोहोचला, आणि तिथे जे दिसले ते आपल्या वाचकांपुढे ठेवावे असे वाटले. कारण अलीकडे मोठ्या शहरांतल्या दुकानांतून 'गोजी', 'जिनसेंग', 'ग्रीन टी' अशा पुड्या आणि बाटल्या आपल्याही घरात येऊ लागल्या आहेत. पाहुणा घरात घ्यायचा तर त्याचे कूळ, शील आणि सवयी ठाऊक असलेल्या बऱ्या.

जुने येणे-जाणे

तसा हा पाहुणा अगदीच अनोळखी नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर फिरंगरोग हिंदुस्थानात आला आणि त्याच्यावरचा उतारा म्हणून चीनहून चोपचिनीही आली. गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने आपल्याकडच्या औषधी वनस्पतींवर लिहिलेला संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात या चिनी मुळीवर स्वतंत्र प्रकरण आहे. (याच गृहस्थाला मुंबईचे बेट भाडेपट्ट्याने मिळाले होते, हे जाता जाता सांगायला हरकत नाही.) आपल्या भावमिश्रानेही 'भावप्रकाशा'त तिला 'द्वीपांतरवचा' असे भारदस्त संस्कृत नाव देऊन पंक्तीला बसवून घेतले. द्वीपांतरवचा म्हणजे परक्या बेटावरचे वेखंड! परकी वस्तू आपलीशी करण्याची ही रीत मोठी गोड आहे.

आपणही फक्त घेतच राहिलो असे नाही. आपली पिप्पली चीनमध्ये जाऊन 'बीबो' झाली आणि हरीतकी, म्हणजे आपला हिरडा, 'हेलीले' झाला. इ. स. ६७१ मध्ये निघून भारतात आलेला चिनी भिक्षू इत्सिंग याने इथल्या वैद्यकाची हकीकत लिहून ठेवली आहे. इथले लोक दुखण्यात आधी लंघन करतात याचे त्याला विशेष वाटले. लंघन हेच परम औषध, हे आपल्या आजीचे मत तेराशे वर्षांपूर्वी असे परदेशी पोहोचले होते.

शंभर खणांचे कपाट

चिनी औषधांचे जुन्या पद्धतीचे दुकान म्हणजे पाहण्यासारखी गोष्ट. भिंतभर एक लाकडी कपाट, त्याला ओळीने लहान लहान खण आणि खणांवर औषधांची नावे. या कपाटाला त्यांच्याकडे 'शंभर पोरांचे कपाट' अशा अर्थाचे नाव आहे. गिऱ्हाईक वैद्याची चिठ्ठी आणतो. दुकानदार एका दांडीच्या छोट्या काट्यावर मुळ्या, साली, फुले, बिया मोजतो, कागदावर त्यांचे वेगवेगळे ढीग करतो आणि एकेका दिवसाची एकेक पुडी बांधून देतो. बीजिंगमधले 'तोंगरेनतांग' हे अशा दुकानांपैकी सर्वांत नामांकित. ते १६६९ साली निघाले, १७२३ पासून राजवाड्याला औषधे पुरवू लागले आणि अजूनही चालू आहे.

पुडी घरी आली की पुढचे काम गृहिणीचे. औषध मातीच्या भांड्यात अर्धा-पाऊण तास भिजत घालायचे. लोखंडी भांडे चालत नाही. मग एक उकळी आणून मंद आचेवर आटवायचे आणि गाळून घ्यायचे. त्याच चोथ्यात पुन्हा पाणी घालून दुसऱ्यांदा काढा करायचा. दोन्ही काढे एकत्र करून सकाळ-संध्याकाळ कोमट प्यायचे. पुदिन्यासारखे सुगंधी पान असेल तर ते अगदी शेवटी टाकायचे, नाहीतर त्यातला अर्क वाफेबरोबर उडून जातो. टणक खनिज किंवा शिंपले असतील तर ते आधी उकळायचे. आपल्याकडे आमटीला फोडणी कधी आणि कोथिंबीर कधी, याचे जे शास्त्र आहे तेच हे.

या वैद्यकात सुटे औषध क्वचितच देतात, मंडळी जमवतात. त्या मंडळीत एक राजा असतो, एक मंत्री, एक साहाय्यक आणि एक दूत. राजा मुख्य दुखण्यावर चालून जातो, मंत्री त्याचे बळ वाढवतो, साहाय्यक त्याचा तापटपणा आवरतो आणि दूत सर्वांना योग्य ठिकाणी नेऊन पोहोचवतो. या दूताचे काम बहुधा ज्येष्ठमधाकडे असते. इतक्या काढ्यांत ते पडते, की चिनी वैद्यकातला सर्वांत मनमिळाऊ माणूस कोण असे विचारले तर ज्येष्ठमधाकडेच बोट दाखवावे लागेल.

उष्ण आणि थंड

'पपई उष्ण', 'काकडी थंड', 'वांगे वातूळ' ही भाषा ज्या घरात रोज बोलली जाते, त्या घराला चिनी वैद्यक समजायला वेळ लागणार नाही. त्यांच्याकडे प्रत्येक जिन्नस थंड, शीतल, कोमट किंवा उष्ण असतो आणि त्याला आंबट, कडू, गोड, तिखट, खारट यांपैकी चव असते. आपले रस सहा, त्यांचे पाच. आपला तुरट त्यांनी आंबटात घातला. आंबट यकृताकडे जाते, कडू हृदयाकडे, तिखट फुप्फुसाकडे, अशी त्यांची वाटणी आहे. आपली महाभूतेही पाच आणि त्यांची तत्त्वेही पाच, पण यादी निराळी: लाकूड, अग्नी, माती, धातू आणि पाणी. सगळ्यांच्या मुळाशी यिन आणि यांग ही जोडी. सावली आणि ऊन, गारवा आणि ऊब यांचा तोल ढळला की दुखणे, आणि तो सावरला की आरोग्य.

आजच्या शरीरशास्त्राच्या कसोटीवर ही मांडणी जशीच्या तशी टिकत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. यांग नावाची वस्तू सूक्ष्मदर्शकाखाली सापडलेली नाही. पण ज्या काळी सूक्ष्मदर्शकच नव्हता, त्या काळी हजारो अनुभव लक्षात ठेवायला खुंट्या हव्या होत्या आणि ही मांडणी म्हणजे त्या खुंट्या. खुंटीला टांगलेला अनुभव खरा की खोटा, हे मात्र एकेक करून तपासावे लागते.

स्वयंपाकघरातला दवाखाना

चिनी घरांतले रोजचे उपाय पाहिले तर औषध कुठे संपते आणि जेवण कुठे सुरू होते हे सांगणे कठीण. दोन्हींचा उगम एकच, असे तिकडचे लोक मानतातच.

पावसात भिजून आलेल्या माणसाला आले आणि तांबूस साखर घालून उकळलेले पाणी देतात. आपला आल्याचा चहा दूध वगळून. सर्दीच्या पहिल्या दिवशी आल्याबरोबर कांद्याच्या पातीचा पांढरा भाग उकळतात. उन्हाळ्यात हिरव्या मुगाचे पातळ कढण गार करून पितात. कोरड्या खोकल्यावर नासपतीत खडीसाखर घालून ती वाफवतात. डोळे थकले की शेवंतीच्या वाळलेल्या फुलांचा चहा. होय, आपण वेणीत माळतो तीच शेवंती. त्यात वर लालचुटूक गोजीचे चार दाणे. अशक्त माणसाच्या पेजेत लाल बोरे टाकतात. इंग्रजीच्या नादाने पुष्कळजण त्यांना 'लाल खजूर' म्हणतात, पण ती आपल्या बोराचीच थोरली भावंडे. जड जेवणानंतर संत्र्याच्या जातीच्या फळाची वाळवलेली साल पाण्यात टाकतात. ग्वांगदोंग प्रांतातल्या शिन्हुई गावची साल त्यात उत्तम. ती निदान तीन वर्षे मुरवतात आणि जितकी जुनी तितकी महाग. आपल्याकडे मुरलेल्या लिंबाच्या लोणच्याला जो मान, तोच तिकडे या सालीला.

दक्षिण चीनच्या दमट हवेत 'ल्यांगछा', म्हणजे थंडावा देणाऱ्या काढ्याची दुकाने रस्तोरस्ती आहेत. काढा चांगलाच कडू असतो. लोक उभ्याउभ्या वाडगा रिकामा करतात आणि तोंड वाकडे करून कामाला जातात. ग्वांगजौमधले 'वाँग लो कॅट' हे त्यांतले नामांकित घराणे १८२८ पासूनचे. २००६ साली या काढ्याला चीनने राष्ट्रीय सांस्कृतिक वारशाच्या यादीत जागा दिली.

सणावारीही हेच. त्यांच्या पाचव्या महिन्याच्या पंचमीला, उन्हाळा वाढून रोगराई सुरू होण्याच्या सुमारास, दारावर दवण्याच्या कुळातल्या एका वनस्पतीच्या जुड्या आणि वेखंडाची पाने टांगतात. आपण पाडव्याला गुढीला कडुनिंब बांधतो, दिवाळीला उटणे लावतो. ऋतू बदलला की शरीराला सांभाळा, हा निरोप विसरू नये म्हणून दोन्हीकडच्या शहाण्या माणसांनी तो सणाच्या पदराला बांधून ठेवला.

यातले काय खरे उतरते? आल्याने मळमळ कमी होते, हे चाचण्यांत पुष्कळसे सिद्ध झाले आहे. गरम पेज आणि विश्रांतीने सर्दीच्या माणसाला आराम पडतो, यात वादच नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकांतल्या जांग जोंगजिंग या वैद्याने आपल्या प्रसिद्ध दालचिनीच्या काढ्यानंतर गरम पातळ पेज पिऊन पांघरूण घेऊन पडा, असे सांगून ठेवले आहे. बाकीच्या पुष्कळ उपायांविषयी इतकेच म्हणता येईल, की ते चवीला बरे आणि बेताने घेतले तर सहसा निरुपद्रवी.

सत्तावीस वर्षांचा ग्रंथ

या साऱ्या ज्ञानाला ज्याने शिस्त लावली, त्या ली शिझेनची (१५१८-१५९३) ओळख आपल्या मुलांना करून द्यावी अशी आहे. हुबेई प्रांतातल्या वैद्याचा हा मुलगा. बापाची इच्छा पोराने सरकारी परीक्षा देऊन अधिकारी व्हावे अशी. पोरगा तीनदा नापास झाला आणि वैद्यकीकडे वळला. जुन्या निघंटूंमध्ये चुका फार. एका वनस्पतीची दोन नावे, दोन वनस्पतींचे एक नाव. पारा खाल्ल्याने माणूस अमर होतो असेही काही ग्रंथ सांगत. हा त्याला विष म्हणाला. सत्तावीस वर्षे त्याने आठशेंवर ग्रंथ चाळले; शेतकरी, कोळी, शिकारी यांना विचारत डोंगर पालथे घातले आणि १५७८ साली 'बेंत्साओ गांगमू' पुरा केला. बावन्न खंड, १,८९२ औषधे, अकरा हजारांवर योग. ग्रंथ छापून बाहेर पडला १५९६ मध्ये. लेखकाला जाऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती.

त्याची एक गंमत सांगण्यासारखी आहे. धोतऱ्याला चिनी भाषेत 'मांथुओलुओ' म्हणतात. आपल्या 'मांदारव' या शब्दाचे हे बौद्ध ग्रंथांतून तिकडे गेलेले रूप. लोक म्हणत, हसत हसत तोडलेल्या फुलाची दारू प्यायली की माणूस हसतो आणि नाचत तोडलेल्या फुलाची प्यायली की नाचतो. ली शिझेनने ते स्वतः करून पाहिले आणि लिहिले, की अर्धवट नशा चढल्यावर शेजारी कोणी हसू वा नाचू लागला तरच हे घडते. ऐकीव गोष्ट तपासून पाहण्याची ही वृत्ती सोळाव्या शतकातली आहे. धोतरा हे विष आहे, तेव्हा वाचकांनी हा प्रयोग वाचूनच समाधान मानावे.

न उकळलेला काढा

अशाच एका जुन्या ओळीने आपल्या काळात लाखो जीव वाचवले. १९६७ च्या मे महिन्यातल्या २३ तारखेला चीनमध्ये हिवतापावर नवे औषध शोधण्याची गुप्त मोहीम सुरू झाली. त्या तारखेवरून तिचे नाव 'प्रकल्प ५२३'. व्हिएतनामच्या जंगलात लढणारे सैनिक गोळ्यांपेक्षा डासांनी अधिक हैराण झाले होते आणि क्लोरोक्विनला हिवताप जुमानीनासा झाला होता. १९६९ साली या कामावर थू योयो या अडतीस वर्षांच्या संशोधिकेची नेमणूक झाली. दोन लहान मुलींना दुसऱ्यांच्या स्वाधीन करून ही आई कामाला लागली. तिने आणि सहकाऱ्यांनी जुन्या पोथ्या आणि वैद्यांच्या तोंडून दोन हजारांवर उपाय जमवले. त्यांत 'छिंगहाओ' नावाची रानवनस्पती होती. चैत्रात आपण देवाला वाहतो तो दवणा याच कुळातला.

छिंगहाओच्या अर्काचा गुण एकदा दिसे, पुन्हा दिसेनासा होई. थूबाई परत पोथ्यांकडे वळल्या. चौथ्या शतकातल्या गे होंग नावाच्या वैद्याच्या हाताशी ठेवण्याच्या पुस्तकात हिवतापावर एक उपाय होता: मूठभर छिंगहाओ पाण्यात भिजवावी, पिळून रस काढावा आणि प्यावा. भिजवावी, पिळावी, पण उकळण्याचे नाव नाही! सारे काढे उकळतात, मग हाच का नाही? उष्णतेने त्यातला गुण मरत असेल काय? त्यांनी पाण्याऐवजी कमी उष्णतेला उकळणारा ईथर वापरला. ४ ऑक्टोबर १९७१ रोजी १९१ क्रमांकाच्या नमुन्याने प्रयोगातल्या प्राण्यांच्या रक्तातले हिवतापाचे सारे जंतू नाहीसे केले. १९७२ साली माणसांना देण्याआधी थू योयो आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी ते स्वतः घेतले. हेच आर्टेमिसिनिन. २०१५ साली थूबाईंना नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. आज आपल्याकडेही जिवावर बेतणाऱ्या हिवतापावर डॉक्टर याच घराण्यातली औषधे देतात.

या गोष्टीचे तात्पर्य काढताना मात्र जपावे. जुन्या पोथीत सारेच असते असे म्हणणारा इथे चुकेल आणि पोथीत काहीच नसते म्हणणाराही चुकेल. पोथीने दिशा दाखवली. वाट चालायला प्रयोगशाळा लागली. म्हणूनच त्या पाल्याचा नुसता चहा पिऊन हिवताप घालवण्याचा प्रकार जागतिक आरोग्य संघटनेला मान्य नाही. त्यात औषध किती उतरले याचा भरवसा नसतो आणि अर्धवट मारलेला जंतू अधिक निगरगट्ट होतो.

नावाचा घोटाळा

आता ती राहिलेली हकीकत. १९९० च्या सुमारास बेल्जियमची राजधानी ब्रुसेल्स इथे वजन उतरवण्यासाठी काही स्त्रियांना चिनी वनस्पतींची चूर्णे घातलेली औषधे देण्यात आली. ठरले होते 'हान फांगजी'. पडले 'ग्वांग फांगजी'. नावे जुळ्या बहिणींसारखी, पण दुसरी वनस्पती अगदी निराळ्या कुळातली, आपल्याकडच्या ईश्वरीच्या कुळातली; तिच्यात मूत्रपिंडाची नासाडी करणारे आम्ल असते. सुमारे शंभर स्त्रियांची मूत्रपिंडे बिघडली. कित्येकींवर यंत्राने रक्त शुद्ध करून घेण्याची वा दुसऱ्याचे मूत्रपिंड बसवून घेण्याची पाळी आली. काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. आजारी नसलेल्या, केवळ थोडे सडपातळ व्हावे म्हणून गेलेल्या या बायका. १९९३ साली वैद्यकीय नियतकालिकातून हा प्रकार जगापुढे आला आणि २००४ साली चीननेही ती वनस्पती औषधांतून काढून टाकली.

'मा-ह्वांग' या दम्यावरच्या जुन्या वनस्पतीचेही असेच. तिच्यातून निघालेले एफेड्रिन डॉक्टरांच्या हाती उपयोगी पडले. पण अमेरिकेत वजन कमी करण्याच्या गोळ्यांत ती बेसुमार जाऊ लागली, हृदयाचे झटके आले, आणि २००४ साली तिकडे अशा गोळ्यांवर बंदी घालावी लागली.

घरच्यांसाठी चार शब्द

'झाडपाल्याचे आहे, अपाय तर नाही ना?' हे वाक्य आपल्या घरांतून फार ऐकू येते. ज्याच्यात उपाय करण्याइतके बळ आहे, त्याच्यात अपाय करण्याइतकेही असतेच, हे उत्तर ध्यानात ठेवावे. मनमिळाऊ ज्येष्ठमधसुद्धा रोज भरपूर खाल्ले तर रक्तदाब वाढवते. जिनसेंग किंवा बायकांसाठी म्हणून विकली जाणारी 'दांगग्वी' ही मुळी रक्त पातळ करणाऱ्या गोळीच्या कामात ढवळाढवळ करू शकते. पुष्कळ घरांतून वडीलधारी मंडळी अशा गोळ्या रोज घेतात. त्यांना मुलगा परगावाहून प्रेमाने शक्तीची पुडी आणतो आणि ती घेतल्याचे डॉक्टरांना कोणीच सांगत नाही. सांगायला हवे, अगदी गोळीच्या नावाइतक्याच स्पष्टपणे.

शेवंतीचा चहा प्यावा, मुगाचे कढण करावे, आल्याचे पाणी घ्यावे. ते खुशाल करावे, त्यात आनंदही आहे. ज्या पुडीवर आतल्या जिनसा लिहिलेल्या नाहीत, ती कितीही दूरदेशीची असली तरी घरात आणू नये. गरोदर बाई, तान्हे मूल आणि मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा रोगी यांना वैद्याला वा डॉक्टरला विचारल्याखेरीज काही देऊ नये. तीन दिवस ताप उतरत नसेल, धाप लागत असेल, रक्त पडत असेल, तर काढ्याचे भांडे खाली उतरवून सरळ दवाखान्याची वाट धरावी.

आजी, मग ती सोलापूरची असो की शांघायची, याहून वेगळे काय करीत होती? पुड्या वेगळ्या ठेवी, चिमूट मोजून घेई, नातवाला उगाच काही चाटवीत नसे, आणि आपल्या बटव्यातले काम नव्हे असे दिसले की तीच आधी म्हणे, 'डॉक्टरला बोलवा रे कुणीतरी.' तिचा बटवा सांभाळायचा तर त्याबरोबर तिची ही शहाणीवही सांभाळली पाहिजे.